सातशे अडुसष्ट ओळी

गावघराच्या भिंतीवर
मर्युननं समुद्र पाडला, आणि तो कापला गेला.
उजवीकडं वीतभर अंधार.
नव्या धक्क्याचा नकाशा होता, सूरोय बेटाचा दक्षिण काठ,
आणि हानुसचं होडीघर नेमकं
उजेडाच्या पलीकडं.

"मला आधीच काढलंत का?"
हानुसनं विचारलं. लोक हसले,
पण कॉफीला कुणी हात लावला नाही.

प्रोजेक्टर शाळेनं टाकून दिलेला.
त्याला येतात सातशे अडुसष्ट ओळी,
एकही जास्त नाही.
लॅपटॉपला येतात एक हजार ऐंशी.
दोघांनी एकच दाखवायचं म्हटलं
की जास्त येणाऱ्यानं थोडं विसरायचं.
पाय आपले, अंथरूण दुसऱ्याचं.

तिनं दाबून बसवलं.
समुद्र सगळा आला, पण उंच, अरुंद,
खडक कोंबड्यांसारखे माना ताणून,
आणि होडीघर म्हणजे एक राखाडी ठिपका
जो धूळही असू शकला असता.
याकुप उठला, बाहीनं भिंत पुसून आला.
ठिपका तिथंच होता.

मग तिनं पडदे वेगळे केले.
बाण लॅपटॉपच्या काठावरून उतरला
आणि हरवला.
मान वळवून वळवून शोधला तेव्हा
याकुपच्या टोपीवर सापडला.

"राहू दे पोरी," हानुस म्हणाला.
"पहिलंच बरं होतं."
तिनं पहिलं लावलं.
तो जाऊन उभा राहिला
जिथं नकाशा संपत होता तिथं.
डाव्या गालावर भरतीच्या निळ्या रेघा,
उजवा हात कोऱ्या भिंतीवर.
"हा बुटका खडक. ओहोटीला शेवाळ, सांभाळून.
इथं पाणी दोन पुरुष.
इथं माझा भाऊ घसरला.
आणि हे दार.
लाल. रंग गेल्याच वर्षीचा."

पंखा घरघरत राहिला.
मागच्या रांगेतली बाई म्हणाली,
"दोन नाही, तीन पुरुष,"
आणि तीही उठली.

मर्युन लिहून घेत होती
कागदावर, पेन्सिलीनं.

रात्री घरी तिनं लॅपटॉप उघडला.
रुंदी परत आली होती,
पण फायली सगळ्या डाव्या कोपऱ्यात
एकमेकींना चिकटून,
वाऱ्याकडं पाठ करून मेंढ्या उभ्या राहतात तशा.
उजवीकडं मोकळं.
दोनदा तिचं बोट तिकडं गेलं.
मग तिनं झाकण लावलं.