अर्थ

निपाणीच्या वखारीतनं आणली तेव्हा
तिच्या सीटला अजून तंबाखूचा वास होता.
पंचावन्न सालची डुक्कर फियाट,
भंगाराच्या भावानं, वजनावर.
टेंपोवाला म्हणाला, त्यापेक्षा मागाला
एक नवी मोटर बसवा की.

वडगावात आमच्या गल्लीत चौदा माग.
मी सुताचा माणूस,
कुठला धागा तुटला ते आवाजावरनं सांगतो.
खरं तारा काय बोलत नाहीत.
उंदरांनी कुरतडलेलं वायरिंग दोन महिने सोडवलं,
तांबडी, हिरवी, आणि एक, जिचा रंगच उडालेला,
सगळ्या बायकोच्या वाळवणाच्या दोरीवर चिमट्यांनी टांगून.
कुणी जुन्या मेस्त्रीनं जळल्या फ्यूजला
सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळलेली.
त्याला शिव्या दिल्या. मग तो चुरगळा
डबीत जपून ठेवला, कशाला कुणास ठाऊक.

नंबरप्लेट घासली. वर कर्नाटकाची अक्षरं,
त्याखाली म्हैसूर राज्याची,
अगदी तळाला मुंबई.
त्याच्याही खाली असेल तो नुसता पत्रा.
तिथं मी घासायचा थांबलो.

गाडीला मात्र रंग दिला, चॉकलेटी, तीन हात,
आरशासारखा.
आणि ब्रेक दाबला की मागचा दिवा लागेना,
पुढं काट्यामागचाच बल्ब उगवायचा, मरतुकडा,
भलत्याच दारात उभ्या पाहुण्यासारखा.
बल्ब बदलला. स्विच बदलला.
पुढनं मागं नवी तार ओढली. परत तेच.
झोपेत माझा उजवा पाय गादी दाबायचा.

शेवटी बस डेपोतनं रिटायर झालेला अडिवेप्पा आला,
खिशात एक बल्ब, दोन तारा, दोन चिमटे.
त्याचं कन्नड मला निम्मं कळतं,
माझं मराठी त्याला सगळं, खरं तो दाखवत नाही.
बाजारातनं परतणाऱ्या कुसव्वाला
मेथीच्या जुड्यांसकट स्टेअरिंगमागं बसवलं.
"ओत्तु!" तो मागनं ओरडायचा, ती दाबायची.
"बिडु!" ती सोडायची.

एक चिमटा जिवंत तारेला, दुसरा दिव्याच्या वाटीला.
अंधार.
तोच दुसरा थेट बॅटरीच्या मायनसला.
लख्ख.
"अर्थ इल्ला," अडिवेप्पा म्हणाला.
मला वाटलं, माझ्या दोन महिन्यांबद्दल बोलतोय.

मग त्यानं चाकू काढला
आणि स्क्रूच्या भोकाभोवती माझा रंग खरवडू लागला,
एक हात, दुसरा हात, तिसरा,
खालचा प्रायमर,
उघडा पांढरा पत्रा दिसेपर्यंत.
माझ्या तोंडातनं आई गं निघालं.
त्यानं मान वर केली नाही.
स्क्रू आवळला, हात पँटला पुसले.
"ओत्तु!"

समोरच्या भिंतीवर तांबडा उजेड पडला,
अडिवेप्पाच्या पिकल्या मिशांवर,
आणि एका जुन्या घोषणेवर,
जिची चारच अक्षरं उरलीत
आणि ती कुठल्या बाजूची ते त्यांवरनं कळत नाही.

"अर्थ आतेनु?" त्यानं विचारलं.
समजलं का, की लागला का?
"झाला," मी म्हटलं. दोन्हीला चालेल असं.

आम्ही दोघं बघत उभे राहिलो.
बराच वेळ, वाटतं,
कारण आतनं कुसव्वाचा आवाज आला,
पाय भरून आला माझा,
आता तरी कुणीतरी बिडु म्हणा की रे.