पत्ता अपुरा

विजेच्या बिलाच्या पाठीवर तळं काढलं मी,
लांबट, एका टोकाला जरा फुगलेलं.
मिलोयका म्हणाली, हा तर बटाटा.
असू दे. भुकेल्या पोटी काढलं
की बोहिन असंच दिसतं.

निघायचं शुक्रवारी.
शनिवारी ल्युब्ल्यानाची माणसं येतात
कुत्री, पोरं आणि रंगीत काठ्या घेऊन.
सकाळी सातला पुलाशी भेटायचं,
संत जॉनच्या देवळाच्या भिंतीला टेकून
बुटांच्या नाड्या दुसऱ्यांदा बांधायच्या.
पहिल्यांदा बांधलेल्या टिकत नाहीत,
हे तिचं म्हणणं. लग्नाबद्दलही ती हेच म्हणते.

आन्झे, तिचा नातू, फोनवर बोट सरकवत सांगतो:
बारा किलोमीटर, तीन तास वीस मिनिटं.
त्यात आजीचा नवा गुडघा धरलास का रे?
नाही धरला.
मग लिही, पाच तास.
आणि एक नुसता बसायला.

काळा पाव. उकडलेली चार अंडी,
मीठ कागदाच्या पुडीत.
मोहान्त चीज डब्यात, तो डबा दुसऱ्या डब्यात,
नाहीतर त्याचा वास आपल्या आधी गावात पोचतो.
पाऊस तीन दिवस पडतोय, गुरुवारी थांबेल म्हणतात.
म्हणोत.

दक्षिणेचा काठ मला तोंडपाठ.
एकतीस वर्षं सायकल आणि टपालाची पिशवी,
उकान्त्सपर्यंत जायचं, आल्या वाटेनं परत यायचं.
पेन्शनी, लग्नपत्रिका, पोरांना लष्कराची बोलावणी,
कोरोशेत्सबाईंची बियाण्यांची पुस्तकं.
कुठल्या फाटकाची कडी वर उचलून काढायची,
कुठल्या कुत्र्याला माझी डावी पोटरी आवडते,
झोपेतसुद्धा सांगेन.

उत्तरेचा काठ रोज पाण्यापलीकडे दिसायचा.
हिवाळ्यात ऊन तिकडेच पडायचं, आम्ही सावलीत कुडकुडायचो.
पण तिकडे घरं नाहीत.
घरं नाहीत म्हणून पत्ते नाहीत,
पत्ते नाहीत म्हणून मी कधी गेले नाही.
सहासष्ट वर्षं तळ्याकाठी काढली
आणि तळं पुरतं फिरले नाही.
लोकांना सांगू नकोस, मिलोयका म्हणते.

तिला दक्षिणेनं सुरुवात हवी.
उकान्त्सला दमलो तर होडी आहे,
बसून परत येता येईल.
तिचं खरं आहे. अर्ध्या फेरीनंतर
मागे फिरणं आणि पुढे जाणं
पायांना सारखंच पडतं.
तरी मी हट्ट धरला: आधी उत्तर.
का ते विचारलं तिनं.
मी बटाट्यावर बाण काढत बसले.

खणात एक पाकीट आहे.
एकोणनव्वदचा ऑगस्ट.
तिकिटावर जो देश आहे तो आता नाही.
बोरिवोय, निळा तंबू, तळ्याची पलीकडची बाजू,
पावसानंतर खडकातून जिथं पाणी फुटतं तिथं.
एवढाच पत्ता.
पाठवणारीचं नाव ओलीत विरघळलेलं.
सायकल त्या दगडांवरून चालली नसती,
त्या दिवशी पिशवीही जड होती.
मी शिक्का मारला: पत्ता अपुरा.

अपुरा कुठे होता?
मला ती जागा इकडच्या काठावरून दिसायची,
पांढरी रेघ, कड्यावरून उतरणारी.
होडीवाल्याला म्हटलं असतं तरी त्यानं नेलं असतं.
पुढे टपाल कचेरी हलली,
खण माझ्याबरोबर घरी आला.
उघडलं नाही कधी. नोकरीची शपथ असते.

तिथं आता तंबू नसणार, हे कळतं मला.
बोरिवोय सत्तरीचा असेल, किंवा नसेलही.
झाडाच्या ढोलीत ठेवेन, की दगडाखाली,
की पाकीट तसंच परत आणेन,
ते यादीत लिहिलेलं नाही.

रात्री मिलोयकाचा फोन.
मोजे दोन जोड घे.
घेतले.
प्लास्टर?
घेतलं.
आणखी काय घेतलंस?
टपाल, म्हणाले.
ती हसली, म्हणाली झोप आता.

खिडकीवर अजून वाजतोय.
थांबेल सकाळी.
न थांबला तरी
खडकातून पाणी येत असेल.