दोन गुरुवार

चूक माझीच. रुजू होऊन तीन आठवडे झालेली डॉक्टर,
मी इल्टिड पार्फिट आणि एमलिन पार्फिट यांना
एकाच गुरुवारी बोलावलं.
ग्वेन्लियनने रजिस्टर पाहून कपाळाला हात लावला:
एक पहिल्या गुरुवारी येतो, दुसरा तिसऱ्या.
क्वूम हेलिगात दवाखाना उघडल्यापासून.

सख्खे चुलतभाऊ. बाकाच्या दोन टोकांना दोघं.
मध्ये, चार माणसं मावतील एवढी जागा अडवून,
सव्वीस साल बसलं होतं.

इल्टिड आधी आत आला. श्वास मोजून बोलणारा,
एका वाक्याला दोन थांबे.
तेव्हा मी बारा वर्षांचा, म्हणाला.
कोळसा स्वस्त झाला, पौंड महाग झाला,
मधला फरक कुणीतरी भरायचा होता.
मालकांनी आमच्या ताटाकडे पाहिलं.
तासभर जास्त खणा, कमी घ्या.
बाप म्हणाला, नाही.
मग रेल्वे म्हणाली, गोदी म्हणाली, छापखाने म्हणाले.
अख्खा देश नऊ दिवस नाही म्हणत होता, डॉक्टर.

खाणीचं चाक थांबलं तेव्हा कळलं
की आमच्या नदीला आवाज आहे.
आई पीठ मळायची सोडून दारात यायची ऐकायला.
घोडे वर आणले. उजेड विसरलेले.
गवतात नुसते उभे, एकही चरेना.
मग एक लोळला,
आणि बाकीच्यांना आठवलं काय करायचं ते.

पुढे सायकलवरून कुणी ओरडत आलं: मिटला, मिटला!
बँड बाहेर पडला, चॅपलपासून पुलापर्यंत वाजवत.
पुलावर दुसरा सायकलवाला भेटला.
त्याने सांगितलं, कसा मिटला ते.

(संप आणि संपणं, माझ्या भाषेत शेजारी राहतात.
हे मी त्याला सांगितलं नाही.)

गाड्या सुटल्या, बोटी लागल्या,
आम्ही तेवढे उरलो. नोव्हेंबरपर्यंत.
व्हेस्ट्रीत सूप मिळे, चमचा घरून न्यायचा.
माझ्या चमच्याला खूण म्हणून लाल दोरा,
एमलिनच्याला निळा.
ऑक्टोबरात एक दिवस निळा दोरा आला नाही.

काका पोलिसांच्या रांगेमधून कामावर गेला होता.
त्याची धाकटी तापाने फणफणलेली,
हे आम्हाला माहीत होतं.
इथे तो बराच वेळ थांबला. श्वासासाठी नसावा.
माहीत होतं, म्हणाला.

हिवाळ्यात सगळेच गेले. जास्त तास, कमी पैसे.
बापाचं नाव मालकाच्या वहीत, त्याला काम नाही.
तो चालत स्लाऊला गेला, कारखान्यात लागला,
पत्रात लिहायचा: इथे धूळ दिसत नाही.
घोडे खाली नेताना पाय रोवून उभे राहिले,
आणि दोन वर्षांनी मीही त्याच पिंजऱ्यात.

एमलिनने काहीच सांगितलं नाही.
शर्टाची बटणं लावता लावता विचारलं,
"त्याचे किती टक्के?"
दुसऱ्याचं सांगता येत नाही, मी म्हटलं.
"तीसच्या वर असणार. तो समोरच्या फळीत होता."

तेवढ्यात वीज गेली. यंदाही खाणी बंद आहेत,
अंधार वेळापत्रकाने येतो.
तो बाहेर पडल्यावर मी दोन्ही फिल्मा खिडकीशी धरल्या.
दोन छात्या, दोघींत तेच काळंपांढरं शिंपण.
कोपऱ्यातलं नाव वाचेपर्यंत
कुठली कुणाची, सांगता येईना.

बाहेर ग्वेन्लियनला काडेपेटी सापडत नव्हती.
इल्टिडचा आवाज आला, तिला उद्देशून:
"त्याला सांग, पायरी ओली आहे."

एमलिन दोन हातांवर उभा होता.
तिने सांगितलं.