शून्य पूर्णांक आठ

बैठकीत भिंतीवर एक वर्तुळ होतं,
निळं, हिरवं, आणि काठाशी
केसाएवढी राखाडी फट.
जाफर म्हणाला, "हे आठ दशांश टक्के.
यांच्यासाठी आपण अजून
दोन हजार एकशे चाळीस ओळी सांभाळतोय."
शायनी म्हणाली, "मार्चपासून बंद."
मी म्हणाले, "बघते."
रुवीच्या आमच्या ऑफिसात 'बघते' म्हणजे
आणखी वर्षभर भिजत घोंगडं.

त्या ओळी मला तोंडपाठ आहेत.
जुन्या ब्राउझरला तारीख निवडता येत नाही,
म्हणून तीन चौकोन.
अरबी उजवीकडून मांडता येत नाही,
म्हणून एक अख्खं वेगळं पान.
गोल कोपरे त्याला कळतच नाहीत,
ते टोकदारच सोडले.
माझ्या आधीचं कुणीतरी एका फाइलीच्या माथ्यावर लिहून गेलंय:
काढू नका. सूर बंद पडेल.
लिहिणाऱ्याचा व्हिसा संपून सहा वर्षं झाली.

रात्री नोंदी उकरल्या.
महिन्याला तीनशे बारा भेटी, पत्ता एकच.
सकाळी आठ ते एक, मग चार ते नऊ,
शुक्रवारी शुकशुकाट.
आठ दशांश टक्के दुपारी
जेवायला घरी जातात.

टायपिंग सेंटर, सूर, होड्यांच्या कारखान्यामागे.
मी इंग्रजीत सुरुवात केली,
उत्तर हिंदीत आलं,
मग माझं साळवी ऐकून पलीकडे खुर्ची करकरली:
"रत्नांग्रीकडल्या काय तुम्ही?"
अब्दुल लतीफ मुकादम, हर्णैचे.
एकतीस वर्षं दुसऱ्यांचे अर्ज टाइप करतात,
मासेमारीचा परवाना, पाण्याचं बिल,
कुणाच्या बायकोला बोलावण्याचा कागद.

मी तयारीत होते.
मुदतवाढ, सवलत, पोटावर पाय,
असले शब्द जिभेखाली ठेवून.

"बंद करा," ते म्हणाले. "कधी करताय?
अहो, चार वर्षं अरबाबाला सांगतोय, नवी मशीन घ्या.
तो येतो, तुमचं पान उघडायला लावतो,
ते रखडत रखडत उघडतं,
आणि तो म्हणतो, चालतंय की.
तुम्ही चालवताय म्हणून चालतंय, बाई.
एक पान यायला एक चहा होतो.
डॉक्टरने साखर बंद सांगितलीय."

मी हसले. मग थांबले.
माझी दोन हजार एकशे चाळीस ओळींची दया
सूरमध्ये रोज
कपाने मोजली जात होती.

"फक्त तारीख द्या. लेखी. अरबीत. शिक्का मारून.
लवकरच लिहू नका.
लवकरच घरी येतो म्हणालो तेव्हा
मुलगी चौथीत होती,
आता तिची मुलगी चौथीत आहे.
आणि रमजान टाळा, तेव्हा गर्दी असते.
ईदनंतरचा रविवार धरा."

तोच धरला.
जाफरला वाटलं मी अखेर हिशेब केला.
दोन हजार एकशे एकोणचाळीस ओळी एका बटणाने गेल्या,
माथ्यावरची ती सूचना तेवढी ठेवली,
का ते विचारू नका.
माझ्या रेसिडेंट कार्डावरही एक तारीख आहे.
ती ठरवणाऱ्याने
मला फोन केला नव्हता.

रविवारी सूरकडून शून्य.
सोमवारी शून्य.
मंगळवारी मी दोनदा नंबर काढला, दोनदा ठेवला.
बुधवारी चार वाजून सोळा मिनिटांनी एक भेट:
नवा ब्राउझर, गोल कोपरे,
पान उघडायला पाऊण सेकंद.

आता चहा
केव्हा घेत असतील?