शंभरास एक

कुठ्ठाळीच्या गोदीत एकतीस वर्षं
मी बार्जी काढल्या. कागदावर.
टी-स्क्वेअर, शाईचं पेन, पुढे संगणक.
बावीस बार्जी माझ्या हाताखालून झुआरीत उतरल्या,
एकीवरही पाऊल ठेवलं नाही.
नारळ फोडायला मालकांच्या बायका यायच्या.
ड्रॉइंग ऑफिसच्या खिडकीतून
नाळ तेवढी दिसायची,
झेंडूच्या माळेसकट, हळूहळू सरकणारी.

निवृत्तीनंतर मागच्या पडवीत
'सातेरी चार' पुन्हा करायला घेतली.
सत्तर मीटरची सत्तर सेंटिमीटर.
सांगाडा शिवणीच्या लाकडाचा,
वरून पत्रा, बिअरच्या डब्याचा कापून.
कठड्याला शेजारच्या आग्नेलच्या गिटारची तुटलेली तार,
नांगराला मापशाच्या शुक्रवारी सापडलेली
कुणाच्या तरी खिशातल्या घड्याळाची साखळी.
रेषा सरळ आली
की अजूनही मला कडकडून भूक लागते.

मग एका रविवारी, मिस आटोपून, इनास आला.
सातेरी चारवर एकोणीस वर्षं चूल सांभाळलेला.
चष्मा पुसला, टेबलाच्या पातळीवर वाकला,
एक डोळा मिटून नाळेपासून मागपर्यंत गेला.
"बाय, पोचो खंय?"

कसला पोचा?

बाणस्तारीच्या पुलाचा.
डाव्या कुशीला, तिसऱ्या खुंट्याखाली,
उतरत्या पाण्यात, रात्री दोनला.
सुकाणूवर कोण होतं ते तो सांगत नाही.
"मेलो तो. सोड."

माझ्या नकाशात पोचा नव्हता.
मागच्या दोरीवर कायम वाळत असलेली निळी लुंगी नव्हती,
ना रंगाच्या डब्यातलं मिरचीचं झाड,
ज्याची पानं वाऱ्याने नव्हे, एंजिनाने हलायची.
व्हीलहाऊसमध्ये सातेरी आणि सायबीण
एकाच झिरो बल्बवर.
हे सगळं मी वहीत लिहून घेतलं,
मापं विचारत.
लुंगीचं माप त्याला सांगता येईना.

तो निघताना खिशातून काड्यापेटी काढून ठेवली.
आत कापशेंची खनिजमाती,
जुन्या चड्डीच्या शिवणीतून झटकलेली.
आठ दिवस खलात घोटली मी ती.
मलमलीतून गाळली, पुन्हा घोटली.
डेकवर फुंकली तर
एकेक कण नारळाएवढा दिसायला लागला.
लोखंड शंभरपट लहान होतं,
दोर होतो, शिडी होते.
धूळ होत नाही.
गोदीत कुणी मला हे सांगितलं नव्हतं,
मीही विचारलं नव्हतं.

"आनी आमी?" पुढच्या रविवारी इनासने विचारलं.
म्हटलं, माणूस सतरा मिलिमीटरचा होईल,
काडीसारखा, हात-पाय कसे दाखवू?
त्याने जरा विचार केला.
"मग आम्ही जेवायला बसलोय म्हण."
म्हणून स्वयंपाकघराचं दार
मी अर्धं उघडं चिकटवलं.

राहिला पोचा.
वीस सेंटिमीटर खोल, म्हणजे दोन मिलिमीटर.
रद्दी पत्र्यावर अकरा वेळा करून पाहिला.
बोथट पेन्सिल, बॉलपॉइंट, चमच्याची मूठ.
बार्जीपाशी गेलं की हात मागे यायचा.
आयुष्यभर वाकडं दिसलं की
ब्लेडने खरवडून काढलेली मी.
शेवटी दुपारी, इनास बशीतला चहा पीत असताना,
बघायचं नाही असं ठरवून
अंगठ्याचं नख दाबलं.

टक्.

त्याने बशी ठेवली. चष्मा. एक डोळा.
बराच वेळ.
"थोडो सकयल आसलो," म्हणाला.
खाली. जरासा.
मग स्वतःच, त्याच्या जाड पिवळ्या नखाने,
जागा न शोधता, दाबला.

आता सातेरी चारला दोन पोचे आहेत.
एक पुलाचा.
एक माझा.