अजून काही झालं नाही

अँटवर्पच्या धक्क्यावर, नऊ नंबरच्या शेडमध्ये
गोदेलीव्हबाई बाटल्यांचं भविष्य सांगतात.
पत्रिका नाही, भिंतीवर तक्ता आहे :
आडवी नावं, उभी नावं,
दोघं भेटतात तिथे एक चौकोन.
हिरवा म्हणजे नांदतील.
लाल म्हणजे एका फळीवरसुद्धा ठेवू नका.
काही चौकोन पांढरेच आहेत.
बाईंना भीती त्यांची.

योरिस नवा. त्यानं विचारलं, मिसळलं तर काय होईल?
किती मिसळलंस? किती थंड होतं?
बाटलीत आधी काय होतं, धुतली कोणी?
आणि आम्ल पाण्यात ओतलंस, की पाणी आम्लात?
क्रियापद तेच राहतं, बाळा,
विभक्ती हलली की चेहरा भाजतो.

फेब्रुवारीतला गुरुवार.
नायट्रिकच्या टाकाऊ बाटलीत कुणीतरी
काचा पुसून उरलेलं अल्कोहोल रिकामं केलं.
योरिस वाकून बघत राहिला.
ना वाफ, ना बुडबुडा.
त्यानं वहीत लिहिलं : काही झालं नाही.
बाईंनी पेन मागून घेतलं
आणि त्याच्या वाक्याआधी एक शब्द घातला :
अजून.
खाली, बारीक अक्षरात : अंदाजे अर्धा तास.

बाटली धूर ओढणाऱ्या कपाटात, झाकणाशिवाय,
पुढची काच खाली,
आणि आम्ही अकरा जण बाहेर,
शेल्टच्या वाऱ्यात, एका थर्मासच्या कॉफीवर.
वीस मिनिटं. वाउटर म्हणाला, हिचं हे नेहमीचंच,
नवऱ्याशीसुद्धा झाकण सैल ठेवून बोलते.
हसलो. बाईही हसल्या.
तीस. वाळूचा बार्ज गेला, मागे दोन बदकं.
चाळीस. क्रेनवाल्या चेस्वावनं घड्याळ कानाला लावलं.
योरिस म्हणाला, मी पटकन बघून येतो.
बाईंनी त्याची बाही धरली.

आवाज असा झालाच नाही.
शेडच्या खिडकीतून दिसलं :
कपाटात तपकिरी काहीतरी उठलं,
काच आतून गढूळ झाली,
पंखा म्हाताऱ्यासारखा खोकला,
आणि बाटली उतू गेली,
दुधावरून नजर काढली की जातं तशी.

सत्तावन्न मिनिटं.
कोणी काही बोललं नाही.
बाईंनी वही गुडघ्यावर टेकवून, एकाच हातानं,
'अर्धा तास' खोडलं.
चुकलं माझं, म्हणाल्या,
खरंच वाईट वाटल्यासारख्या.
दुसऱ्या मुठीत योरिसची बाही
अजून होती.