एकास सत्त्याऐंशी

आधीच सांगून ठेवतो, मागून तक्रार नको:
पेटीवरच्या आकड्यावर जाऊ नका.
अठ्ठावीस मिलिमीटर लिहिलंय दोन्हींवर;
काढून शेजारी उभे करा, बाप-लेक दिसतील.
एक कारखाना टाचेपासून डोळ्यापर्यंत मोजतो,
टोपीखालची टाळू कुणी पाहिलीय म्हणतो,
दुसरा थेट टाळूपर्यंत.
शिवाय शूरांच्या मुठी मुद्दाम थोराड,
कुंचल्याला सापडाव्यात म्हणून.

फ्युर्टमध्ये, नदीकडे उतरणाऱ्या गल्लीत
एकतीस वर्षं मी हेच बोलतो आहे
पेरभर माणसांच्या वतीनं.

नोव्हेंबरात ओटिली ड्रेक्सलर आली.
ओली छत्री कुठं टेकवावी कळेना तिला.
म्हणाली, नवरा करून हवाय.
तळघरात त्याचं स्टेशन आहे, एकास सत्त्याऐंशी.
तेवीस वर्षं खाली बसून सगळं केलं त्यानं:
घड्याळ, दुधाचे कॅन, पोस्टमनचं कुत्रं,
फलाटाच्या टोकाचा गळका नळसुद्धा.
स्वतःला कुठंच उभं केलं नाही.

मी उंची विचारली.
तिनं फोटो काढला: स्वयंपाकघराच्या दारात एंगेलबर्ट,
मान कललेली, चौकट चुकवत.
एकशे चौऱ्याण्णव, म्हणाली, सकाळी.
रात्री जरा कमी.
भागिले सत्त्याऐंशी. बावीस पूर्णांक तीन मिलिमीटर.
पट्टीवर नख ठेवून दाखवलं.
ती बराच वेळ माझ्या नखाकडे बघत राहिली.
"आणि मी?"
एकशे एकसष्ट. साडेअठरा.

मग पिशवीतून एक पेटी निघाली, चुकून घेतलेली,
बाजाराची बाया-माणसं, एकास बहात्तर.
त्यातली टोपलीवाली तिनं निवडली,
नखाशेजारी उभी केली.
बावीस पूर्णांक चार.
"बघा, या मापात मी त्याच्या डोळ्याला डोळा.
लग्नाच्या फोटोत मला खोक्यावर चढवलं होतं."

इथं मला गप्प बसता आलं असतं.
पण धंद्याची सवय.
म्हटलं, उंची जुळेल, बाकी काही जुळणार नाही.
हिचं डोकं त्याच्या टोपीत मावणार नाही,
टोपलीतले बटाटे नवलकोलाएवढे दिसतील.
पाय कापता येतात, मान आखडता येते,
डोकं मात्र चुगली करतंच.
एक युक्ती आहे: मोठं माप पुढं, पार काठाला,
लहान मागं.
डोळा फरकालाच अंतर समजतो.
हिला काठावर ठेवा, त्याला दूर फलाटावर,
कुणाला कळायचं नाही.

ती म्हणाली, "मी इथं नि तो लांब.
त्याला युक्ती कशाला लागते?"

तीन आठवडे गेले.
कपाळ त्याच्या शर्टाच्या दुसऱ्या बटणाशी येईल
अशी तिला घासत आणली,
दोनदा जास्त घासली गेली, दोनदा नव्यानं ओतली.
त्याची मान, वर चौकट नसतानाही, कललेलीच ठेवली.
त्यात अर्धा मिलिमीटर गेला.
बिलात धरला नाही.

न्यायला आली तेव्हा चष्मा काढून
दोघांना डोळ्याशी धरलं तिनं.
"कान मोठे होते त्याचे."
म्हटलं, या मापात कान म्हणजे रंगाचा एक ठिपका.
"मग दोन द्या."
दिले.

टोपलीवाली विसरली, की ठेवून गेली.
गल्ल्याशेजारी असते.
कुणा गिऱ्हाइकाला फरक समजावायचा असला
की तिला उचलतो,
आणि परत तिथंच ठेवतो,
दाराकडे तोंड करून.